सहाच्या सहा

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, प्लॅस्टरच्या खोलीत, त्याच्या डाव्या हाताचं पहिलं बोट गिटारच्या सहा तारांवर आडवं पडलं, उजव्या हाताचा अंगठा वरून खाली घसरला आणि सहाच्या सहा तारा वाजल्या. एकही मेली नाही, एकही खुरखुरली नाही. सात महिन्यांत पहिल्यांदा एफ नावाच्या कॉर्डचा बार स्वच्छ लागला. तर असं काही झालंच नाही. त्याने ताबडतोब तसं ठरवलं, बोट उचललं, गिटार मांडीवरून जरा लांब धरली, जणू ती कुणीतरी दोन मिनिटं सांभाळायला दिली आहे, आणि भिंतीपलीकडे कान लावला. भिंतीपलीकडे दादाची दातांच्या कॅपा घासायची मोटर चालू होती. म्हणजे आत्तापर्यंत चालू होती. आता बंद होती.

मोटर बंद व्हायला शंभर कारणं असतात. दादा मध्येच थांबून कॅप डोळ्यापाशी नेऊन बघतो. दादा चष्मा पुसतो. दादाला शिंक येते. दादा दिवसातून चाळीस वेळा मोटर बंद करतो आणि एकेचाळीस वेळा चालू करतो, हा हिशेब कसा जमतो ते त्याचं त्याला माहीत. पण सात महिन्यांनी एफ लागावा आणि नेमक्या त्याच क्षणी दादाला शिंक यावी, एवढा त्याचा आणि नशिबाचा घरोबा नव्हता. त्याने घाईघाईने तीच कॉर्ड पुन्हा धरली, मुद्दाम बोट ढिलं ठेवून चारदा वाजवली. ठक, ठक, ठक, ठक. मेलेल्या तारांचा तो ओळखीचा, लाकडावर नख मारल्यासारखा आवाज. ऐक, दादा, ऐक. काही झालेलं नाही. सगळं पूर्वीसारखं वाईट आहे. मोटर सुरू होईना.

लॅब दादाची. वरचं घरही दादाचं. खरं म्हणजे दोन्ही वडिलांचं. पण वडील गेल्यावर ते दादाकडे इतक्या सहज गेलं, जशी जेवणाच्या टेबलाची टोकाची खुर्ची जाते. कुणी दिली नाही, कुणी मागितली नाही, एक दिवस दादा तिच्यात बसलेला होता. गावभरातले दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवतात. त्यात हा धाकटा भाऊ प्लॅस्टर ओततो. मग त्या प्लॅस्टरच्या जबड्यावर दादा कॅप घडवतो, कवळी बसवतो, घासतो, चमकवतो. वहिनी ते डबीत घालते, डबीवर चिठ्ठी लावते आणि डबी जाते. अकरा वर्षं तो अनोळखी माणसांच्या हिरड्यांमध्ये पांढरा चिखल ओतत होता. रस्त्यात कुणी हसलं की त्याला माणूस ओळखू येत नसे, पण खालचा डावा सुळा ओळखीचा वाटे. अशा माणसाने सात महिन्यांपूर्वी एका सकाळी दादाला म्हटलं होतं, "दर गुरुवारी दुपारी दोन ते पाच मला सोडशील का? क्लास लावायचाय. गिटारचा." दादाने मोटर बंद केली नव्हती. "कुठली गिटार?" "फ्लामेंको." "ते काय असतं?" "वाजवता वाजवता गिटारीवर ठोकतात पण." "ठोकायला क्लास कशाला लागतो?" दादाने विचारलं, आणि मग त्याचा तो नेहमीचा प्रश्न, जो तो डॉक्टरांना फोनवर विचारतो, "कधीपर्यंत हवंय?"

इथे त्याच्याकडून चूक झाली. ही चूक फक्त ह्या घरातला माणूस करू शकतो. दुसरा कुणी म्हणाला असता, संगीत आहे बाबा, जन्म जातो. पण जिथे प्रत्येक वस्तूला जायची तारीख असते तिथे वाढलेला माणूस तारीख विचारल्यावर तारीख देतो. तो म्हणाला, "त्यात एक अवघड प्रकार असतो, बार म्हणतात. एकच बोट सगळ्या तारांवर आडवं दाबायचं आणि उरलेल्या तीन बोटांनी पुढे आकार धरायचा. ते एकदा येईपर्यंत." "म्हणजे ते आलं की संपलं." "हो." "सगळ्या तारा वाजल्या पाहिजेत ना त्यात?" "हो." "मग सहाच्या सहा वाजल्या की मला सांग," दादा कॅपेवर फुंकर मारत म्हणाला. "पाच वाजल्या तर सांगू नकोस." आणि वहिनी पलीकडून म्हणाली, "गुरुवारचं ओतायचं कुणी मग? मीच ना? चला. बोटं तेवढी पांढरी व्हायची राहिली होती माझी."

म्हणून एफ लागणं म्हणजे गुरुवार संपणं. हे त्याला पहिल्या दिवशी कळलं नाही, पहिल्या महिन्यातही नाही. तेव्हा तो प्रामाणिकपणे त्या बोटाच्या मागे लागला होता. त्या बोटाचा त्याला मनापासून राग यायचा. बाकीची बोटं निदान घास उचलतात, डबा उघडतात. हे फक्त दुसऱ्याकडे दाखवायला उगवलेलं. ते वाकडं नव्हतं आणि सरळही नव्हतं. त्याला दोन घड्या होत्या आणि तळाकडच्या घडीत दुसरी तार नेमकी जाऊन बसायची, जसा एखादा कारकून साहेबाची चाहूल लागताच फायलींच्या कपाटामागे जाऊन उभा राहतो. दाबलं की बोट दुखायचं, अंगठ्याचा मागचा गड्डा जळायचा, मनगटातून कोपरापर्यंत एक गरम सळई जायची, आणि तार कपाटामागे मजेत. तो बोटाशी बोलायचा. नालायका. ऐतखाऊ. जेवताना वहिनी विचारायची, "भाऊजी, कुणाला शिव्या घालताय?" आणि तो म्हणायचा, "कुणाला नाही, बोटाला." "माझ्याकडे बोट करून नका घालू मग," वहिनी म्हणायची. "तुमच्या घरात कुणाचं बोट कुणाकडे असतं हे मला पंधरा वर्षं झाली तरी कळलेलं नाही."

क्लास तिसऱ्या मजल्यावर, फोटोकॉपीच्या दुकानावर. सर पन्नाशीचे, पाठ ताठ, आवाज खालच्या पट्टीत, आणि शिकवण्याची पद्धत अशी की विद्यार्थ्याने आपण होऊन क्लास सोडला तर तो त्यांना स्वतःचा विजय वाटायचा. पाच विद्यार्थी अर्धवर्तुळात लाकडी स्टुलांवर बसायचे. सर एकेकासमोर उभे राहून ऐकायचे, डोळे मिटायचे, आणि डोळे उघडून पुढच्याकडे जायचे. बोलायचे फक्त त्याच्याशी. "तू काय करतोस म्हणालास?" "दातांच्या लॅबमध्ये आहे सर." "वाजवतोस तसंच. ठणका लागतो." बाकीचे चार हसायचे. हसण्यासाठीच त्यांनी फी भरली होती असं त्याला वाटे. एकदा मात्र सरांनी त्याला थांबवून घेतलं. ह्या वादनात उजव्या हाताची नखं तारांवर एकामागून एक पंख्यासारखी फेकावी लागतात आणि सरांची नखं आता पन्नाशीची झाली होती, तुटत होती. "तुमच्याकडे ते दात बनवायचं असतं ना काहीतरी? कडक?" त्याने दादाच्या नकळत सरांना तीन नखं करून दिली. दाताच्याच मसाल्याची, दाताच्याच रंगाची, चहा न पिणाऱ्या माणसाच्या दाताच्या. सरांनी ती चिकटवून दहा मिनिटं धबधब्यासारखं वाजवलं, आनंदाने डोळे भरून आले त्यांचे, आणि मग त्याच्याकडे बघून म्हणाले, "तुला मात्र जन्मात येणार नाही." त्याला ते तेव्हा अपमानासारखं लागलं. ते आश्वासन होतं हे पुढे कळलं.

पुढे म्हणजे चौथ्या महिन्यात. एका गुरुवारी क्लासला जाताना, गिटार पाठीवर, भर दुपारी, रस्त्यात त्याच्या लक्षात आलं की आपल्याला आत्ता कुणीही हाक मारू शकत नाही. तो थांबला. दुकानाच्या काचेत एक माणूस थांबलेला दिसला, पाठीवर पेटी, केसांत प्लॅस्टर. दोन ते पाच. आठवड्यातले तीन तास. ह्या तीन तासांत जगातल्या कुठल्याही डबीवर त्याची चिठ्ठी नव्हती. आणि हे तास ज्या एका खुंटीवर टांगले होते ती खुंटी म्हणजे आपल्याला एफ न येणं. त्या दिवसापासून त्याने बोटाला शिव्या देणं कमी केलं. पण सराव सोडला नाही. कारण सराव सोडला असता तर दादाला कळलं असतं, आणि शिवाय, हे तो स्वतःशीही कबूल करत नसे, त्याला ती कॉर्ड हवी होती. हवी होती आणि यायला नको होती. अशा अवस्थेत माणूस लग्न करतो किंवा चांगला सराव करतो. त्याचं लग्न झालेलं नव्हतं.

भिंतीपलीकडे अजून शांत. खुर्ची सरकल्याचा आवाज आला का? नाही. खुर्ची नाही. त्याने श्वास अर्ध्यावर धरला होता आणि छातीवर जणू काही आडवं ठेवलेलं होतं. हे ओझं ओळखीचं होतं. लहानपणी रविवारी दुपारी वडील झोपायचे, म्हणून दोघा भावांनाही एका पलंगावर आडवं केलं जायचं. हा भिंतीकडे. दादा बाहेरच्या बाजूला. ह्याने हलू नये, खाली उतरू नये, खेळायला पळू नये म्हणून दादा झोपताना आपला हात ह्याच्या छातीवर आडवा टाकायचा, कोपरापासून मनगटापर्यंत, सरळ, दाराला अडसर घालावा तसा. आणि झोपायचा. खरोखर झोपायचा, घोरायचा. हा सगळं करून बघायचा: पोट आत घ्यायचा, कुशीवर वळायचा, एकेक बरगडी सोडवायचा. हात हलायचा नाही. दादा जोर लावत नव्हता, हेच भयंकर होतं. जोर लावणारा माणूस कधीतरी दमतो. दादा नुसता वजन ठेवून निघून गेला होता. हाताची मऊ बाजू नाही, बाहेरची, हाडाची बाजू. कोपराच्या खोबणीत तेवढी थोडी जागा असायची. तिथे गळ्याखालचा खळगा नेऊन ठेवला की बारीक श्वास घेता यायचा. म्हणजे तो दुसरी तार होता. सात महिने तो ज्या तारेला कपाटामागचा कारकून म्हणत होता, ती तार तोच होता, रविवारी दुपारी, बिनआवाज, जिवंत.

हे त्याला सुचलं क्लासच्या जिन्यावर. जिन्यावर का, तर वर्गातून त्याला काढून टाकलं होतं म्हणून. ते असं झालं. कॅप नीट बसली का ते बघायला दातांमध्ये निळा कागद धरून चावायला लावतात. जिथे टेकतं तिथे निळं उमटतं. लॅबमध्ये त्याचे गठ्ठे असतात. त्याने एका बुधवारी तोच निळा रंग आपल्या गिटारीच्या तारांवर पहिल्या पडद्यापाशी, म्हणजे मानेवरच्या पहिल्या आडव्या पट्टीपाशी, घासला आणि बार धरला. बोटावर सहा रेघा यायला हव्या होत्या, साडेचार आल्या. बरं. म्हणजे दीड रेघेचा प्रश्न आहे. गुरुवारी तो त्याच तारा घेऊन क्लासला गेला, फक्त विचारायला. "सर, एकदा दाखवता का?" सरांनी उसासा टाकला, त्याची गिटार घेतली आणि एफ वाजवला. भरघोस, खोलीभर. "हे असं. दिसलं? ह्याला म्हणतात एफ. तुझं ते बोट नाही, शेवग्याची शेंग आहे." चौघे हसले. "सर, बोट बघू?" तो म्हणाला. त्याला खरंच फक्त कोन बघायचा होता. "काय?" "बोट सर. तुमचं." "चालता हो," सर म्हणाले आणि त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. तेच बोट. टोक स्वच्छ, मधलं पेर स्वच्छ, आणि तळाशी दोन निळ्या रेघा.

"सर," तो म्हणाला, "दोनच."

खोलीत कुणी हसलं नाही. सरांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. "हे असंच वाजवतात," ते म्हणाले. "खालच्या चार तारा धरायच्या, त्यातल्या दोनच ह्या बोटाने, वरच्या दोनांना हातच लावायचा नाही. सगळे असंच वाजवतात. मी असंच शिकलो." "मग मला सहा का सांगितल्यात?" "मी सांगितल्या?" सरांचा आवाज चढला, नखांवर नखं आपटली. "तू आल्या दिवशी विचारलंस, सगळ्या टेकल्या पाहिजेत ना सर? मी म्हटलं, टेकव बाबा! तुझी हौस! मी कुणाच्या हौशीच्या आड येत नाही!" आणि मग, जरा थांबून, अगदी शांतपणे, "ऊठ. पुन्हा येऊ नकोस." त्याने विचारलं होतं हे खरं होतं. सगळीकडे टेकलं पाहिजे. एका बाजूला कॅप उंच राहिली तर पेशंट परत येतो. हा नियम संगीताचा नव्हताच. दादाचा होता, आणि तो स्वतःच तो पाठीवर घालून तीन मजले चढवून घेऊन गेला होता.

पण गुरुवार होता. तो घरी कसा जाणार? पाचपर्यंत तो दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या पायऱ्यांवर बसला. पुढच्या गुरुवारीही तिथेच, गिटार काढून. त्याच्या पुढच्याही. वर जाणारे चौघे त्याला वळसा घालून जायचे. सर वळसाही घालायचे नाहीत, पाय उचलून गिटारीच्या मानेवरून पलीकडे टाकायचे, नाल्यावरून टाकतात तसा. दोघांनीही एकमेकांना ओळखणं सोडून दिलं होतं आणि त्यामुळे संबंध बरेच सुधारले होते. तिथेच त्याला रविवारची ती दुपार आठवली, आणि आठवल्यावर त्याने बोट दाबणं बंद केलं. नुसतं ठेवलं. हाडाच्या कडेवर जरा कलतं करून, खांद्यापासूनचं सगळं वजन त्यात सोडून देऊन, आणि स्वतः निघून गेला. झोपलेल्या माणसासारखा. पाच तारा बोलल्या. त्याने घाबरून हात काढला. दादाने आयुष्यात त्याला शिकवलेली ही एकमेव गोष्ट होती आणि ती शिकवताना दादा घोरत होता. आणि आज, मंगळवारी, प्लॅस्टर सुकेपर्यंतच्या वीस मिनिटांत, बेसावध असताना, सहावी.

दार उघडलं. वहिनी. हातात ट्रे, ट्रेमध्ये तीन वरचे जबडे.

"भाऊजी, आलं वाटतं."

"काय?"

"ते तुमचं. सात महिने मढं ऐकतेय मी, आज उठून बसलं."

"छे. पाचच होत्या."

"माझे कान तुमच्या भावासारखे मोटरीने गेलेले नाहीत." तिने ट्रे ठेवला, एका जबड्यावरची धूळ उडवली. तिच्या बोटांच्या चिरांमध्ये गुरुवारचं प्लॅस्टर होतं, ते आता धुऊनही जात नसे. "मला त्यात पडायचं नाही. मला माझा गुरुवार हवाय."

"वहिनी, माझ्याकडे तेवढंच आहे."

"माझ्याकडे तेवढंही नाही," ती म्हणाली. चिडून नाही. मग दाराकडे वळून, रोजच्या आवाजात, "अहो, ऐकलंत का? ह्यांचं झालं बरं का."

मोटर बंद होती ती फ्यूज उडाला म्हणून. दादा स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊनच आला. त्याने काहीही ऐकलेलं नव्हतं; आणखी दोन मिनिटं गेली असती तर जन्मभर ऐकलं नसतं. "वाजव," तो म्हणाला. ह्याने गिटार घेतली. मनात ठरवलं, चार. फार तर साडेचार. बोट टाकलं, ढिलं, तिरकं, अगदी पहिल्या महिन्यातलं, आणि वाजवलं. सहा. दादाने मान हलवली नाही. ह्याने बोट सरकवून तळाची घडी नेमकी दुसऱ्या तारेवर आणून ठेवली. ये ग बाई, लप. सहा. मघाशी चारदा मारून दाखवलेला तो ठक आवाज त्याने शोधला, पण तो कुठे ठेवला होता तेच हाताला आठवेना. कपाटच नव्हतं. तार उघड्यावर उभी राहून खणखणीत बोलत होती. त्याने दाबलं, सोडलं, मनगट मोडल्यासारखं धरलं, घामाने बोट निसटेल अशी आशा केली. सहा. सहा. सहा. हात त्याचा राहिला नव्हता. तो कुणाच्या तरी छातीवर पडून झोपी गेला होता. वहिनी ट्रेकडे बघत उभी होती. शेवटी त्याने वाजवणं थांबवलं, कारण प्रत्येक वेळी ते जास्तच चांगलं होत होतं.

"मोजल्या मी," दादा म्हणाला. "झालं की. छान." आणि तो खरंच खूश होता, हे सगळ्यात वाईट. एखादी अवघड कवळी पहिल्या फटक्यात बसली की तो असाच बघायचा. "आता कशाला जायचं?"

"दादा, अजून खूप असतं पुढे. ते काही..."

"तू काय म्हणाला होतास?"

"येईपर्यंत."

"मग?" दादाने स्क्रू ड्रायव्हरनेच त्याच्या खांद्यावर दोनदा थोपटलं. "झालेल्या कामाला हात लावत बसू नये, बिघडतं. परवा खालच्या जबड्यांचे नऊ साचे येतायत, तूच ओत. हिला जरा बसू दे." आणि तो फ्यूज बघायला गेला. वहिनी एक क्षण थांबली, म्हणाली, "छान वाजलं पण," आणि तीही गेली. थोड्या वेळाने मोटर सुरू झाली. तिचा सूर कुठला हे त्याला आता, नको असताना, कळत होतं.

ट्रेमधले तीन जबडे आ वासून होते. त्याने हात धुतले, पुसले, डॉक्टरांना पत्रं पाठवायचा लॅबचा कोरा कागद घेतला, आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं:

प्रति,
गिटारचे सर,
तिसरा मजला, फोटोकॉपीच्या दुकानावर.

विषय : एफ येत नसल्याचा दाखला मिळणेबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, मी आपला माजी विद्यार्थी असून मला एफ जन्मात येणार नाही असे आपण एकूण चौदा वेळा, पैकी अकरा वेळा इतर विद्यार्थ्यांसमक्ष, तोंडी कळविलेले आहे. तेच केवळ लेखी स्वरूपात हवे आहे. पुन्हा प्रवेश मिळावा अशी माझी मागणी नाही, तसेच मागील प्रसंगाबाबत माझी कोणतीही तक्रार नाही. दरम्यानच्या काळात माझ्याकडून सदर कॉर्ड वाजल्याचे कोणी आपणांस कळविल्यास ते ग्राह्य धरू नये. तरी माझ्या घरच्या मंडळींस दाखविण्याकरिता वरीलप्रमाणे दाखला सही-शिक्क्यानिशी देण्यात यावा, व त्याची मुदत आजीवन असावी. ते नियमात बसत नसल्यास दर गुरुवारी दुपारी दोन ते पाच एवढी तरी असावी, ही नम्र विनंती.